शॉर्ट गेमला साजेसा वेज निवडताना

गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेतील सर्वांत महागडा क्लब असतो ड्रायव्हर आणि सर्वांत दुर्लक्षित असतो वेज. ड्रायव्हर घेताना दुकानातील जाळीत तासभर चेंडू मारून पाहणारा गृहस्थ वेज घेताना मात्र पात्यावर कोरलेला ५६ हा आकडा वाचतो, क्लब दोनदा हवेत फिरवतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. पुढे बंकरमधून चेंडू बाहेर निघेना, किंवा ग्रीनच्या कडेवरून मारलेला साधा चिप पलीकडच्या उतारावर जाऊन थांबू लागला, की सगळा दोष हाताला दिला जातो. हाताचा दोष असतोच. पण पुष्कळदा त्या हातात चुकीचा क्लब असतो, हेही तितकेच खरे.

इंग्रजीत वेज म्हणजे पाचर. क्लबच्या डोक्याचा आकार बाजूने पाहिला तर हे नाव चपखल वाटते. वर पातळ, खाली जाड आणि चेंडूखाली शिरेल असे तिरके पाते. ग्रीनपासून साधारण शंभर यार्डांच्या आतले फटके, म्हणजे पिच, चिप, उंच उडवलेला फ्लॉप आणि वाळूतला फटका, हे या पाचरीचे क्षेत्र. या साऱ्यांना मिळून शॉर्ट गेम म्हणतात. आतापर्यंत बहुतेक प्रशिक्षक 'सामना इथेच जिंकला जातो' असे सांगत आले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदी तपासून २०१४ मधील आपल्या पुस्तकात या समजुतीला धक्का दिला. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतील सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. ड्रायव्हरचा फटका तीस यार्डांनी वाढवणे पन्नाशीच्या हौशी खेळाडूच्या हाती फारसे नसते. बंकरमधून तीनऐवजी एका फटक्यात बाहेर येणे मात्र असते, आणि त्यासाठी अंगातले बळ लागत नाही.

विमानाच्या शेपटीवरून

वेज कसा निवडावा हे समजायचे, तर वाळूतला वेज कशासाठी जन्माला आला हे आधी पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत खेळाडू बंकरमधून निब्लिक नावाच्या क्लबने चेंडू काढत. त्याचे पाते तिरके असे, पण तळ पातळ. पुढची धार वाळूत शिरली की रुतत जाई. यावर पहिला उपाय निघाला तो अंतर्गोल पात्याचा, चमच्यासारख्या खोलगट आणि जड क्लबचा. बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये होयलेक येथील ब्रिटिश ओपनमध्ये तो वापरला. परंतु असे पाते एकाच फटक्यात चेंडूला दोनदा स्पर्श करते, असा आक्षेप आला आणि १९३१ मध्ये त्यावर बंदी आली.

त्याच सुमारास अमेरिकी खेळाडू जीन सारझेन फ्लोरिडात याच प्रश्नाशी झगडत होते. हॉवर्ड ह्यूजेस यांच्याबरोबर विमानातून जाताना शेपटीकडचा भाग खाली जातो तेव्हा नाक वर उठते हे आपण पाहिले आणि त्यावरून कल्पना सुचली, असे ते पुढे सांगत असत. त्यांनी निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने शिशाचा डाग देऊन मांस चढवले. तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली. आता क्लब वाळूत रुतण्याऐवजी वाळूवर आपटून पुढे सरकू लागला. १९३२ मध्ये इंग्लंडमधील प्रिन्सेस येथे झालेल्या ब्रिटिश ओपनला सारझेन हा क्लब घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी पाहून हरकत घेऊ नये म्हणून तो बॅगेत उलटा ठेवत, असे सांगितले जाते. ती स्पर्धा त्यांनी जिंकली, त्याच वर्षीची अमेरिकन ओपनही जिंकली. पुढे १९७३ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, रॉयल ट्रून येथील 'पोस्टेज स्टॅम्प' या छोट्या आठव्या होलवर त्यांनी पहिल्या दिवशी टी-वरून थेट चेंडू घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याच होलवर बंकरमधून. डाग देऊन केलेल्या त्या करामतीला आज बाऊन्स म्हणतात, आणि वेज घेताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्नही त्याच्याविषयीचाच असतो.

आधी अंशांचा हिशेब

पात्यावर ठळक कोरलेला आकडा असतो लॉफ्टचा, म्हणजे पाते उभ्या रेषेपासून किती अंश मागे झुकलेले आहे त्याचा. पिचिंग वेज साधारण ४३ ते ४८ अंशांचा, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ५८ ते ६० अंशांचा असतो. ६४ अंशांचे वेजही मिळतात, परंतु ते सर्वांचे काम नव्हे.

गॅप वेज हे नावच एका अडचणीतून आले आहे. पूर्वी पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा असे आणि त्यानंतर थेट ५६ अंशांचा सँड वेज. दोहोंत सहा-आठ अंशांचे अंतर. पुढे कंपन्यांनी लोखंडी क्लबांचे लॉफ्ट हळूहळू कमी करत नेले. त्यामुळे 'नवा सेव्हन आयर्न जुन्यापेक्षा दहा यार्ड लांब जातो' अशी जाहिरात करता आली. वस्तुतः तो जुना सिक्स आयर्नच असे. आकडा तेवढा बदललेला. या चढाओढीत हौशी खेळाडूंसाठीच्या अनेक संचांतील पिचिंग वेज ४४ किंवा ४३ अंशांवर येऊन ठेपला. सँड वेज मात्र ५६ वरच राहिला.

समजा, एखाद्या खेळाडूचा ४४ अंशांचा पिचिंग वेज पूर्ण फटक्यात ११० यार्ड जातो आणि ५६ अंशांचा सँड वेज ७५ यार्ड. चेंडू ग्रीनपासून ९५ यार्डांवर पडला तर त्याने काय करावे? एकतर पिचिंग वेज अर्धवट जोर लावून मारायचा, नाहीतर सँड वेज जीव काढून. दोन्ही फटके नवशिक्याच्या हातून बिघडतात. हा प्रसंग एका फेरीत तीन-चारदा येऊ शकतो, कारण पार-फाइव्हवरचा तिसरा फटका आणि चुकलेल्या ड्राइव्हनंतरचा फटका याच टप्प्यात येऊन पडतात.

म्हणून पहिली पायरी दुकानात जाण्याची नव्हे; आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट शोधण्याची आहे. तो बहुधा क्लबवर कोरलेला नसतो, तेथे केवळ 'पी' किंवा 'पीडब्ल्यू' असते. कंपनीच्या माहितीपत्रकात तो मिळतो, अथवा क्लब दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडील मोजपट्टीवर पाच मिनिटांत कळतो. तेथून पुढे चार ते सहा अंशांच्या टप्प्याने जावे. पिचिंग वेज ४४ असेल तर ५० आणि ५६ ही जोडी पुरेशी आहे. तो ४६ असेल तर ५२ आणि ५८, किंवा तीन वेज ठेवायचे असल्यास ५०, ५४ आणि ५८. बॅगेत चौदाच क्लब ठेवण्याचा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये आला. त्यामुळे एक वेज वाढवायचा तर एक क्लब घरी ठेवावा लागतो. बहुतेक हौशी खेळाडूंच्या बॅगेत थ्री आयर्न किंवा फोर आयर्न वर्षातून चारदाही बाहेर निघत नाही. बळी त्याचाच द्यावा.

अंतरे ठरवताना स्वतःची फसवणूक होते. आयुष्यात एकदा बसलेला सर्वोत्तम फटका हेच आपले अंतर, असे प्रत्येकाला वाटते. सरावाच्या मैदानावर प्रत्येक वेजने दहा चेंडू मारावेत, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडून द्यावेत आणि उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहावी. नासातील नोकरी सोडून शॉर्ट गेमचे प्रशिक्षक झालेले डेव्ह पेल्झ यांनी याच्या पुढची पद्धत लोकप्रिय केली. डावा हात घड्याळाच्या काट्यासारखा मानून साडेसात, नऊ आणि साडेदहा अशा तीन ठिकाणांपर्यंत मागे न्यायचा. चार वेज आणि तीन वेळा मिळून बारा ठरलेली अंतरे हाती येतात. हौशी खेळाडूने दोन वेजची सहा अंतरे पाठ केली तरी पुष्कळ झाले.

बाऊन्स: नांगर की होडी?

लॉफ्टच्या शेजारी बहुधा दुसरा, लहान आकडा असतो: ८, १०, १२ किंवा १४. हा बाऊन्स. वेज टेबलावर नीट उभा धरून बाजूने पाहिले, तर टेबलाला तळाचा मागचा भाग टेकतो आणि पुढची धार किंचित अधांतरी राहते. हा तळ जमिनीशी जो कोन करतो तो बाऊन्सचा कोन. चार ते सहा अंश म्हणजे कमी बाऊन्स, सात ते दहा मध्यम आणि त्यावर जास्त, असे ढोबळमानाने धरतात.

कमी बाऊन्सचा वेज नांगराच्या फाळासारखा असतो. जमिनीत शिरायला तो तयारच असतो. जास्त बाऊन्सचा वेज होडीच्या तळासारखा. तो वर राहतो आणि पुढे सरकतो. मऊ जमिनीत फाळ रुततो, चेंडूच्या आधी माती खणली जाते आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन थांबतो. उलट टणक जमिनीवर होडी आपटून उसळते, पुढची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून सुसाट जातो. दोन्ही वेळा खेळाडूला वाटते की आपला हात चुकला.

जमिनीइतकीच महत्त्वाची आहे फटक्याची धाटणी. काही खेळाडूंचा क्लब उंचावरून तिरका खाली येतो आणि प्रत्येक वेळी तळहाताएवढे मातीचे ढेकूळ उडते. अशांना जास्त बाऊन्स हवा, नाहीतर क्लब आत शिरतच राहील. काहींचा क्लब गवत झाडल्यासारखा सपाट येतो, जमिनीवर केवळ ओरखडा उमटतो. त्यांना कमी किंवा मध्यम बाऊन्स मानवतो. आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवायला प्रशिक्षक असला तर उत्तम. नसेल तर जुन्या वेजचा तळच साक्ष देतो. ओरखडे पुढच्या धारेजवळ दाटलेले असतील तर क्लब खणतो आहे. ते तळाच्या मध्यावर किंवा मागे असतील तर सरकतो आहे. तळाला साधी चिकटपट्टी लावून वीस चेंडू मारले तरी हे चित्र स्पष्ट दिसते. कॅडीला विचारणे हाही मार्ग आहे. तो वर्षभर त्याच खेळाडूने उडवलेली ढेकळे परत जागी बसवत असतो.

कोरलेला आकडा अंतिम नसतो, ही यातली गुंतागुंत. चेंडू मारताना हात पुढे झुकले की लॉफ्ट कमी होतो आणि बाऊन्सही. पाते उघडले, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याने ते उजवीकडे वळवले, की दोन्ही वाढतात. वाळूत पाते उघडण्याचा सल्ला दिला जातो तो केवळ चेंडू उंच जावा म्हणून नव्हे, तर तळ वाळूवरून घसरावा म्हणून. बंकरच्या नेहमीच्या फटक्यात क्लब चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूत उतरतो आणि वाळूची लाट चेंडूला बाहेर फेकते. म्हणजे तेथे पात्यावरच्या खाचा किती धारदार आहेत याला फारसा अर्थ नाही. सारे काम तळाचे. बंकरची धास्ती असलेल्या खेळाडूने सहा अंश बाऊन्सचा, पातळ तळाचा वेज बाळगणे म्हणजे सारझेन यांच्या आधीच्या काळात परत जाणे होय. असे खेळाडू थोडेथोडके नाहीत. २०१९ पासून नियमांनी त्यांच्यासाठी एक दार उघडले आहे: चेंडू खेळण्यायोग्य नाही असे जाहीर करून दोन दंडाच्या फटक्यांवर तो बंकरबाहेर, मागच्या रेषेत टाकता येतो. दोन फटके ही किंमत पाहिली, तर बारा अंश बाऊन्सचा वेज स्वस्तच म्हणावा लागेल.

बाऊन्सच्या जोडीने 'ग्राइंड' हा शब्द दुकानदार उच्चारतो. तळाची टाच, टोक किंवा मागची कड घासून कमी केलेली असते ती अशासाठी, की पाते उघडल्यावरही पुढची धार जमिनीपासून फार वर उठू नये. कंपन्यांनी या घासण्याला निरनिराळी अक्षरे दिली आहेत आणि ती पाहून ग्राहक गोंधळतो. त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपण पाते उघडून फटके मारतो का? उत्तर 'नाही' असेल, तर भरपूर घासलेला तळ त्याच्या उपयोगाचा नाही. रुंद, साधा तळ घ्यावा.

हरळी, चिखल आणि वाळू

परदेशी मासिकांतील सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही तो याच ठिकाणी. स्कॉटलंडच्या समुद्रकाठची जमीन वाळूमिश्रित, टणक, त्यावर बारीक पात्याचे गवत. तेथे कमी बाऊन्सचा वेज आणि जमिनीसरपट खेळ शोभतो. मुंबई-पुण्याकडच्या मैदानांवर, मग ते चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी असो, येरवड्याचे पूना क्लबचे मैदान असो की खारघरच्या खोऱ्यातले सिडकोचे, एकाच खेळाडूला वर्षात दोन वेगळ्या जमिनींवर खेळावे लागते.

जून ते सप्टेंबर जमीन भिजलेली असते. काळी माती असेल तिथे तर पाय ठेवला की बूट चिकटतो. या दिवसांत बहुतेक ठिकाणी चेंडू उचलून, पुसून ठेवण्याची सवलत असते. परंतु चेंडू स्वच्छ झाला तरी खालची जमीन मऊच राहते. फेअरवेवर जास्त बाऊन्सची गरज नेमकी तेव्हा असते. गंमत अशी, की तोच पाऊस बंकरमधली वाळू ओली करून घट्ट बसवतो, आणि तिथे जास्त बाऊन्सचा क्लब उसळू लागतो. एप्रिल-मेमध्ये चित्र उलटे होते. फेअरवे भाजलेल्या विटेसारखा, आणि वाळू कोरडी, भुसभुशीत. म्हणजे ऋतू कोणताही असो, जमीन आणि वाळू यांच्या मागण्या परस्परविरोधी असतात.

यावर वाजवी तोडगा असा, की दोन वेजच्या बाऊन्समध्ये फरक ठेवावा. ५४ किंवा ५६ अंशांच्या वेजला १२ ते १४ अंशांचा बाऊन्स असावा, आणि त्याच्या वरच्या ५८ किंवा ६० अंशांच्या वेजला सहा ते आठ. मेमधल्या टणक जमिनीवर आणि पावसाळ्यातल्या घट्ट वाळूत दुसरा बाहेर काढावा. पावसाळी फेअरवेवर आणि उन्हाळी वाळूत पहिला. एकच वेज घ्यायचा असेल तर दहा अंशांच्या आसपासचा मध्यम बाऊन्स सर्वांत कमी धोक्याचा ठरतो.

आता गवत. इंग्रजीत ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ते गवत मराठी घराला नवे नाही. सिनोडॉन डॅक्टिलॉन हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि त्यालाच आपण हरळी म्हणतो. गणपतीच्या पूजेतल्या दूर्वा त्या याच. मैदानांवर लावतात त्या बहुधा तिच्या आणि तिच्या एका आफ्रिकी भाऊबंदाच्या संकरातून केलेल्या जाती. हरळी आडवी पसरते, तिची पाती चिवट असतात आणि एका दिशेला कललेली असतात. ग्रीनच्या कडेवर ही पाती खेळाडूच्या दिशेने कललेली असतील, तर वेजची पुढची धार त्यांत अडकते आणि क्लब जागीच थांबतो. हरळीवर खेळणाऱ्यांना हा अनुभव पुरेपूर असतो. अशा वेळी बाऊन्स जास्त असलेला वेज तग धरतो. किंवा वेज बाजूला ठेवून एट आयर्नने चेंडू जमिनीवरून घरंगळवावा. थोड्या लांब हरळीत चेंडू पात्यांच्या वर न बसता तळाशी जाऊन बसतो, आणि तिथेही धार पातळ असलेला हलका वेज मनगटात वळतो. जड डोक्याचा वेज तेवढा वळत नाही.

खाचा आणि चेंडू

वेजच्या पात्यावरील खाचा चेंडूला फिरकी देतात, असे सर्रास म्हटले जाते. नेमके सांगायचे, तर कोरड्या पात्यावर आणि स्वच्छ चेंडूवर खाचांचे काम थोडेच असते. पाते आणि चेंडू यांच्यात गवत किंवा पाणी आले, की ते बाजूला सारायला खाचा लागतात, जसे ओल्या रस्त्यावर टायरच्या नक्षीचे. म्हणूनच खाचांत माती भरलेला वेज पावसाळ्यात निरुपयोगी होतो. बॅगेला अडकवलेला एक छोटा ब्रश येथे नव्या वेजपेक्षा जास्त कामाचा.

खाचा फार धारदार झाल्याने खेळाडू लांब गवतातूनही हवी तशी फिरकी देऊ लागले, म्हणून २५ अंश आणि त्याहून जास्त लॉफ्टच्या क्लबांसाठी १ जानेवारी २०१० पासून व्यावसायिक स्पर्धांत नवा नियम आला. खाचांच्या कडा किमान ०.०१० इंच त्रिज्येने गोलसर असाव्यात आणि खाचांचे आकारमान मर्यादेत असावे, असे ठरले. त्याच महिन्यात फिल मिकेल्सन यांनी पिंग कंपनीचा जुना आय-टू वेज बाहेर काढून खळबळ उडवली. १९९० मधील न्यायालयीन तडजोडीमुळे तो क्लब बंदीतून सुटला होता. मार्चमध्ये कंपनीने आपला हक्क सोडला आणि वाद मिटला. जुन्या वेजांवर हौशी खेळाडूंना किमान २०२४ पर्यंत मुभा देण्यात आली होती. २०११ पासून नव्याने तयार होणाऱ्या वेजांच्या खाचा नव्या नियमाप्रमाणेच असतात. झिजलेल्या खाचा हत्याराने पुन्हा कोरून घेणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. त्या मर्यादेबाहेर गेल्या तर क्लब स्पर्धेत बाद ठरू शकतो.

फिरकी कमी पडते अशी तक्रार असेल, तर आधी चेंडूकडे पाहावे. कठीण आयनोमर आवरणाचा स्वस्त चेंडू आणि मऊ युरेथेन आवरणाचा चेंडू यांच्यात चिपच्या फटक्यात जो फरक पडतो, तो दोन कंपन्यांच्या नव्या वेजांमध्ये क्वचितच सापडेल.

साठ अंशांचा मोह

टॉम काइट यांनी १९८०च्या सुमारास अमेरिकी व्यावसायिक स्पर्धांत ६० अंशांचा वेज नियमित वापरायला सुरुवात केली, तेव्हा इतरांना ते विचित्र वाटले होते. आज दूरचित्रवाणीवर चेंडू उभा उडून ग्रीनवर अलगद बसताना दिसतो तो बहुधा याच क्लबने, आणि पाहणाऱ्याच्या मनात तो भरतो. परंतु इतक्या तिरक्या पात्यात चूक सोसण्याची क्षमता फार कमी. चेंडूखालून पाते निघून गेले तर चेंडू जागेवरून हलतो न हलतो. धार लागली तर ग्रीनपार. पूर्ण फटका मारायला तर तो नवशिक्यासाठी सर्वांत अवघड वेज. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने, तेही सराव न करता, ५८ अंशांपुढे जाऊ नये हे बरे.

इतिहासात गाजलेले काही फटके पाहिले तर ते साध्या सँड वेजचे आहेत. १९८२ मध्ये पेबल बीच येथील अमेरिकन ओपनमध्ये टॉम वॉटसन यांनी सतराव्या होलवर लांब गवतातून चेंडू थेट आत घातला आणि जॅक निकलस यांच्या हातून स्पर्धा निसटली. १९८७ च्या मास्टर्समध्ये लॅरी माइझ यांनी प्लेऑफमध्ये सुमारे १४० फुटांवरून, चेंडू जमिनीवर टप्पे देत ग्रीनवर आणला आणि तो होलमध्ये गेला; ग्रेग नॉर्मन पाहत राहिले. आणि सेव्ह बालेस्टेरोस हे तर लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या थ्री आयर्नने सगळे फटके शिकले. अर्थात, बालेस्टेरोस यांचा दाखला देऊन वेज न घेणे हे गावसकरांचे नाव सांगून हेल्मेट न घालण्यासारखे आहे.

घेताना आणि घेतल्यावर

वेजची लांबी साधारण ३५ इंच असते आणि त्याचा शाफ्ट बहुधा पोलादी, थोडा जड. लोखंडी क्लबांना हलका ग्रॅफाइट शाफ्ट असलेल्या ज्येष्ठ खेळाडूने एकदम जड पोलादी वेज घेतला, तर वजनातली उडी हाताला जाणवते, लय बिघडते. अशांनी वेजचा शाफ्टही त्याच जातीचा घ्यावा. पात्यावर क्रोम आहे की काळा मुलामा की गंजू दिलेले उघडे पोलाद, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उन्हात चमकणारे पाते डोळ्यांना त्रास देते एवढाच खरा फरक. आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडे पोलाद एका पावसाळ्यात लालभडक होते.

लॉफ्ट जुळत नसेल तर प्रत्येक वेळी नवा क्लब घ्यावा लागत नाही. ठोकून घडवलेल्या मऊ पोलादाचा वेज कारागीर अंश-दोन अंश वाकवून देतो. मात्र लॉफ्ट दोन अंशांनी कमी केला की बाऊन्सही दोन अंशांनी कमी होतो, हे लक्षात ठेवावे. १० बाऊन्सचा ५६ अंशी वेज वाकवून ५४ केला, तर तो ८ बाऊन्सचा होतो. ओतीव, कठीण धातूचे वेज वाकवताना मोडण्याचा धोका असतो.

नावाजलेल्या वेजांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. किंमत संशयास्पद कमी, अक्षरांचा रंग ओघळलेला आणि डोक्याचे वजन एकाच प्रकारच्या दोन क्लबांत वेगळे, अशी चिन्हे दिसली तर दूर राहावे. त्यापेक्षा ओळखीच्या सभासदाने विकायला काढलेला जुना, खाचा शाबूत असलेला वेज बरा. घेण्यापूर्वी तो एका संध्याकाळी मागून न्यावा आणि दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, तर ज्या मैदानावर खेळायचे तेथील गवतावर आणि वाळूत मारून पाहावा. वाळूत दहा चेंडू टाकावेत. त्यातले सात पहिल्याच फटक्यात बाहेर आले, तर पात्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे हे पाहण्याची गरज नाही.